निळ्या बाटलीचे दोन मणी

वहिनी आणि वन्सं एका घरात एकतीस वर्षं राहिल्या आणि त्यातली तीस वर्षं एकमेकींशी सरळ बोलल्या नाहीत. भांडण होतं असं नाही. भांडायला निदान तोंड उघडावं लागतं. दोघींच्या मध्ये दादा होते, म्हणजे वहिनीचा नवरा आणि वन्संचा थोरला भाऊ, आणि सगळे निरोप त्यांच्यामार्फत जात. एकाच टेबलाशी बसून वहिनी म्हणायची, "तुमच्या बहिणीला विचारा, चहा घेणार का," आणि समोरून वन्सं म्हणायच्या, "वहिनींना सांग, अर्धा कप." दादा मान इकडून तिकडे वळवत तो चहा पार पाडायचे. ते शाळेत भूगोल शिकवत. आपण दोन देशांच्या सीमेवर राहतो, असं शिक्षकांच्या खोलीत सांगून ते हशा मिळवत, आणि घरी येऊन पुन्हा सीमेवर उभे राहत.

आठ महिन्यांपूर्वी दादा झोपेतच गेले. जगताना कुणाला त्रास दिला नाही, जातानाही दिला नाही. घरात दोन बायका उरल्या आणि निरोप्या उरला नाही.

घर दादांच्या आणि वन्संच्या वडिलांनी बांधलेलं. दादा होते तोवर ते वहिनीचंही होतं. आता ते तिचं आहे की नाही, हा विषय कुणी काढला नव्हता, पण ती मात्र रोज सकाळी डोळे उघडले की तेच मनाशी घोळवत बसायची. मुलगा दुसऱ्या गावात राहायचा. त्याचा एकच धोशा होता: आई, इकडे ये, खोली रिकामीच आहे. वहिनी आज-उद्या करत राहिली, तेव्हा शेवटी त्याने वारच ठरवून टाकला. "रविवारी गाडी घेऊन येतो. तेव्हा काय ते एकदा सांग."

वहिनीला जायचं नव्हतं. हे घर, ही खिडकी, दादांची खुर्ची तिला सोडवत नव्हती. पण राहायचं तर कुणाच्या सांगण्यावरून? वन्संनी एकदा 'राहा' म्हणायला हवं होतं. एक शब्द. निरोप धाडला असता तरी चाललं असतं, पण धाडणार कुणाबरोबर?

मागची खोली वन्संची. तिथे त्या काचेचे मणी करत. जाड लाकडी टेबल, त्यावर लोखंडी पत्रा, पत्र्यावर बसवलेला लहानसा बर्नर, भिंतीशी रंगीत काचेच्या कांड्या डब्यांतून उभ्या केलेल्या, आणि कोपऱ्यात पावाच्या पेटीएवढी विजेची भट्टी. ज्योतीत कांडी वितळवायची आणि पातळ पोलादी सळीवर गुंडाळत न्यायची, असा तो उद्योग. सळी आधी पांढऱ्या मातीच्या खळीत बुडवून वाळवून ठेवावी लागते. नाहीतर काच सळीला जी धरते ती सोडत नाही, आणि मणी जन्मभर सळीवरच राहतो.

हे बुडवण्याचं काम दादांचं होतं. शाळेत जाण्याआधी बहिणीसाठी बारा सळ्या बुडवून ते फळीच्या भोकांत उभ्या करून ठेवत. ते गेल्यावर तीन आठवडे खोली बंदच होती. मग एका सकाळी वहिनी केर काढायला आत गेली आणि तिला त्या फळीवर उघड्या पडलेल्या सळ्या दिसल्या. तिला ते बघवेना. खळीचा डबा वाळून खडखडीत झाला होता. तिने त्यात पाणी घातलं, चमच्याने ढवळलं, आणि एकेक करून बारा सळ्या बुडवल्या. दादांच्या हातून व्हायच्या तशा त्या गुळगुळीत झाल्या नाहीत, गाठी आल्या. दुसऱ्या दिवशी बर्नरचा फुसकारा तिला स्वयंपाकघरात ऐकू आला. त्याच्या पुढच्या सकाळी फळीवर अकरा सळ्या रिकाम्या होत्या, बारावीला मणी चिकटून बसला होता आणि तिच्याशेजारी एक चिठ्ठी होती: 'पातळ करा. दह्याइतकी नको, दुधाहून जराशी दाट.'

शिकवणीची सुरुवात ही अशी, चिठ्ठीने झाली. तोंडाने बोलायला अजून तीन महिने लागले.

"बसा," वन्सं एक दिवस म्हणाल्या आणि स्वतःचं स्टूल पुढे सरकवून उभ्या राहिल्या. "नुसत्या दारात उभ्या राहून बघता. त्यापेक्षा बसून बघा. आणि हा चष्मा लावा."

चष्म्याच्या काचा गुलाबी-जांभळ्या होत्या. तो लावला तशी ज्योतीतली पिवळी झगझग नाहीशी झाली आणि आतली काच स्पष्ट दिसायला लागली. वहिनीला तो जादूचाच प्रकार वाटला, पण तसं म्हटलं तर वन्सं नाक मुरडतील म्हणून ती गप्प राहिली.

पहिली कांडी तिने उत्साहाने थेट ज्योतीत खुपसली आणि तिच्या ठिकऱ्या उडाल्या. एक ठिकरी वन्संच्या बाहीवर जाऊन बसली.

"काचेला आधी ऊब दाखवायची," वन्सं बाही झटकत म्हणाल्या. "ज्योतीच्या कडेकडेने. आत न्यायची, बाहेर काढायची. घाई केली की ती अशी राग धरते."

"तुमच्यासारखीच," वहिनीच्या तोंडून निसटलं. तिने जीभ चावली. दुसरी कांडी तिच्या हातात देताना वन्संच्या तोंडाची एक बाजू वर गेली होती. एकतीस वर्षांत वहिनीने ती बाजू फार वेळा वर गेलेली पाहिली नव्हती.

चार महिने वहिनी रोज तासभर बसत होती. डाव्या हातात सळी आणि उजव्या हातात कांडी धरायची. डावा हात अखंड फिरता ठेवायचा, कारण थांबला की काच एका बाजूला लोंबते. वहिनीचा डावा हात आयुष्यभर उजव्याच्या मदतीला उभा राहिलेला, स्वतः होऊन काही करायची त्याला सवयच नव्हती. पहिले मणी बटाट्यासारखे आले. मग लिंबासारखे. मग दोन्ही टोकांना सुया निघाल्यासारखे. वन्संनी ते टोक तिच्या बोटावर हलकेच ओढून दाखवलं.

"हे गळ्याला टोचेल. मणी टोकाशी आत वळला पाहिजे. बाळाच्या गालाला खळी पडते ना, तसा. दोन्हीकडे."

खळी पडायला लागली तेव्हा वहिनीने मनातल्या मनात उडी मारली. तोंडावर मात्र तिने ताकास तूर लागू दिली नाही. वन्संनी तो मणी उजेडाकडे धरला, फिरवला, परत तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "हं." त्या घरात हे मोठंच बक्षीस होतं. सकाळी भट्टी उघडून गार झालेले मणी पाण्यात भिजवून सळ्यांवरून सोडवणं आणि भोकं साफ करणं, हेही आता वहिनीच करत असे. फळीवर चौदा सळ्या उभ्या राहू लागल्या. बारा वन्संच्या, दोन तिच्या.

त्या मंगळवारी वहिनी खळीचा नवा पुडा काढायला मागच्या कपाटापाशी गेली आणि खालच्या खणात तिला एक खोका दिसला. आत वन्संचा जुना बर्नर होता, पुसून लखलखीत केलेला. दहा-बारा सळ्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या होत्या. कांड्यांची एक जुडी होती, आणि तसाच गुलाबी काचांचा एक नवा चष्मा, फडक्यात नीट बांधलेला. खोक्यावर वन्संच्या ताठ अक्षरात लिहिलं होतं: 'वहिनी. गाडीत मागे ठेवणे.'

वहिनी खण बंद करून तिथेच जमिनीवर बसली. म्हणजे रविवारची वाट इथेही पाहिली जात होती. बांधाबांध सुरू झाली होती. चार महिने जे शिकवलं ते हिला वाटेला लावण्याची तयारी म्हणून, आणि ही खुळी खळ्यांवर खूश. तिला रडू आलं नाही, राग आला. आणि रागाच्या मागोमाग दुसरंच काहीतरी आलं, ज्याला ती आठ महिने चुकवत होती. ती निळी बाटली.

बाटली दादांच्या पोटाच्या औषधाची. औषध केव्हाच संपलं होतं, पण गडद निळी काच दादांना आवडायची म्हणून त्यांनी ती धुऊन खिडकीत ठेवली होती. सकाळचं ऊन त्यातून येऊन टेबलावर निळा डाग पडायचा. वन्सं चहा पिताना त्या डागावर हात ठेवून बसायच्या. दादा गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात खिडकी पुसताना वहिनीच्या हातून ती फुटली. तिने सगळे तुकडे रुमालात बांधून आपल्या कपाटात ठेवले. "ती निळी बाटली कुठे गेली?" वन्संनी शिकवताना एकदाच विचारलं होतं, आणि वहिनीने "ठेवलीय कुठेतरी" म्हणून वेळ मारून नेली होती. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि हिला सांगायचा धीर झाला नाही.

जायचंच असेल तर हे पोटात ठेवून जायचं नाही, असं तिने ठरवलं. दादांच्या काचेचा एक मणी करायचा, वन्संच्या हातात द्यायचा, आणि काय ते सांगून टाकायचं.

गुरुवारी वन्सं दुकानांत मणी पोचवायला गेल्या आणि वहिनी बर्नरपाशी बसली. बाटलीच्या तुकड्याला आधी भट्टीच्या कडेवर ऊब दाखवली, चिमट्यात धरला, ज्योतीच्या कडेकडेने आत नेला. ती काच कठीण होती. वन्संच्या कांड्या मधासारख्या वितळायच्या, ही अडून बसायची. शेवटी लाल होऊन मऊ पडली तेव्हा वहिनीने तिची दोऱ्यासारखी बारीक तार ओढली. मणी मात्र पुरा त्या काचेचा करायला ती धजेना. एवढी हट्टी काच आपल्या हातून गोल होणार नाही, असं तिला वाटलं. शिवाय द्यायचा तो वन्संच्या नजरेत भरायला हवा. म्हणून तिने त्यांच्याच डब्यातली सगळ्यात चांगली पांढरी कांडी घेतली, तिचा मणी केला, आणि त्यावर निळ्या काचेचे सात ठिपके ठेवले. ठिपके आत बसून सपाट होईपर्यंत फिरवत राहिली. खळी दोन्हीकडे पडली.

शुक्रवारी सकाळी तिने तो मणी भट्टीतून सगळ्यांआधी काढला. इतका सुरेख मणी तिने आजवर केला नव्हता. पांढऱ्यावर ते निळे ठिपके खिडकीतल्या उन्हासारखे दिसत होते. काड्यापेटीत कापसावर ठेवून तिने तो कपाटात लपवला आणि दिवसभर तीनदा जाऊन पाहून आली.

शनिवारी दुपारी वन्सं कांड्या निवडत बसल्या होत्या. वहिनीने काड्यापेटी त्यांच्यापुढे ठेवली.

"हे काय?"

"तुमच्यासाठी केलाय."

वन्संनी मणी तळहातावर घेतला. खिडकीकडे धरला, सावकाश फिरवला. त्यांच्या तोंडाची बाजू वर जायला लागली होती, एवढ्यात 'टक्' असा बारीक आवाज झाला. नखावर नख आपटावं एवढाच. मण्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ उमटली, आणि मग तो वन्संच्या हातात शांतपणे दोन तुकडे होऊन पडला.

जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं वहिनीला वाटलं. वन्सं तुकड्यांकडे बघत राहिल्या. एक तुकडा त्यांनी डोळ्यांजवळ नेला.

"पांढरी माझी आहे," त्या म्हणाल्या. "निळी माझी नाही. माझ्याकडे असा निळा नाहीच."

"मी गार नीट केला होता हो. रात्रभर भट्टीत होता."

"गार करण्याची चूक नाहीये. दोन वेगळ्या काचा आहेत. गार होताना एक जास्त आकसते, एक कमी. बाहेरून चिकटलेल्या दिसतात, पण आत ओढाताण चाललेली असते. दोन दिवस निघतात, कधी चार. मग कुठेतरी सुटतं." त्यांनी दोन्ही तुकडे टेबलावर ठेवले. "मी हे तुम्हाला सांगायला हवं होतं. तुम्ही दुसरी काच आणाल असं डोक्यातच आलं नाही. कुठली आहे ही?"

वहिनीने कपाटातून रुमाल आणला आणि टेबलावर सोडला. बोलायची गरजच पडली नाही. वन्संनी बाटलीचं बूड असलेला तुकडा ओळखला आणि त्यावर बोट ठेवलं.

"खिडकी पुसताना फुटली माझ्या हातून," वहिनी म्हणाली. "हे गेले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले. माझी जीभच उचलेना."

"फुटली?" वन्संनी मान वर केली. "मला वाटलं, तुम्ही सामानात भरलीत."

"कुठल्या सामानात?"

"जायच्या. दादाची आवडती म्हणून बरोबर नेताय. बाटली खिडकीतून गेली तेव्हाच मी समजले, यांचं जायचं ठरलं. मग म्हटलं, आपण कशाला आड यायचं? मुलगा आहे, नातवंडं होतील. इथे काय आहे, मी आणि ही भट्टी."

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिली. आठ महिने.

"आणि तो खोका?" तिने विचारलं. "मला घालवायला बांधलात ना?"

"घालवायला?" वन्संचा आवाज पहिल्यांदाच चढला. "तो बर्नर मी तीन दिवस घासत होते. म्हटलं, तिकडे जाऊन हातावर हात ठेवून बसू नये. एवढं शिकलात ते विसरू नये."

"पण मी जाणार असं तुम्हाला कोण म्हणालं?"

"राहणार असं तरी कुठे म्हणालात?"

अशा वेळी पूर्वी दोघीही दादांच्या खुर्चीकडे बघत. आत्ताही बघितलं. मग वन्संनी डोळे पुसले, आणि ते चष्म्याच्या निमित्ताने, म्हणजे आधी चष्मा काढून तोच पुसायचा आव आणून. वहिनीने ते निमित्तसुद्धा शोधलं नाही, सरळ पदर लावला.

"किती तुकडे आहेत?" वन्संनी रुमाल पुढे ओढत विचारलं.

"जाड असे चार. बाकी चुरा."

"दोन मणी होतील. नुसत्या याच काचेचे. दुसरं काही मिसळायचं नाही. ती एकटी असली की कुठे तडकत नाही." त्यांनी भट्टी लावली आणि तुकडे आत सरकवले. "बसा. मी चिमट्याने धरते, तुम्ही गुंडाळा."

"मी? एवढी कठीण काच?"

"परवा ओढलीतच ना हिची तार. माझ्या चोरून."

निळी काच फार वेळ अडून बसली. वन्सं टेबलाच्या पलीकडून चिमट्यात तुकडा धरून होत्या आणि वहिनी अलीकडून सळी फिरवत होती. एकीचा हात थांबला की दुसरीचं काम बिघडत होतं, त्यामुळे बोलावंच लागत होतं. "जरा पुढे आणा." "फिरवा, फिरवा." "आता वर." "पुरे." तासाभरात दोघी मिळून इतकं बोलल्या जितकं एरवी वर्षात बोलल्या नसतील. पहिला मणी किंचित कलता झाला, दुसरा बरा आला. दोन्ही भट्टीत गेले आणि वन्संनी दार लावलं.

पण 'राहा' असं वन्सं म्हणाल्या नाहीत. रात्रीचं जेवण झालं, ताटं विसळून झाली, दिवे मालवले, तरी नाही. वहिनीने खूप वाट पाहिली. कळत होतं तिला, पण कळणं वेगळं आणि कानांनी ऐकणं वेगळं. एकतीस वर्षं दुसऱ्याच्या तोंडून बोललेल्या बाईला सरळ म्हणता येत नसेल, अशी तिने स्वतःची समजूत काढली, आणि ती समजूत काही पटली नाही.

रविवारी पहाटे ती उठली आणि सवयीने मागच्या खोलीत गेली. खळ ढवळली, सळ्या बुडवल्या. भट्टी उघडून दोन्ही मणी काढले, भिजवले, सोडवले. तडा नव्हता. उजेडाकडे धरले तेव्हा तिच्या तळहातावर दोन निळे डाग पडले.

नऊ वाजता मुलगा आला. डिकी रिकामी करूनच आला होता. चहाच्या टेबलाशी तो बरोबर दादांच्या खुर्चीत बसला, कारण तीच एक मोकळी होती. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला आत्या, आणि मध्ये टेबलावर दोन निळे मणी.

"मग आई," तो म्हणाला, "काय ठरलं?"

वहिनीने कप खाली ठेवला. तिने वन्संकडे पाहिलं. वन्सं आपल्या कपात पाहत होत्या, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. मग त्यांनी घसा साफ केला आणि भाच्याकडे वळल्या.

"तुझ्या आईला सांग," त्या म्हणाल्या, "म्हणावं, राहा. मला एकटीला नाही जमायचं."

मुलाला काही कळेना. आई हातभर अंतरावर बसलेली. पण त्याची मान आपोआप वळली, थेट वडिलांची वळायची तशी. "आई," तो म्हणाला, "आत्या म्हणतेय—"

"ऐकलं," वहिनी म्हणाली. तिने दोनांतला बरा आलेला मणी वन्संच्या बाजूला सरकवला आणि कलता आपल्याकडे ओढला. "तुझ्या आत्याला सांग, सळ्या बुडवून ठेवल्यात. चोवीस आहेत. बारा त्यांच्या आणि बारा माझ्या."